घरांत कोणतीं पुस्तकें असावीं?

(गांवच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेंत केलेलें भाषण)



वाचनालयाच्या पंचांनीं यंदा नवीं पुस्तकें घेण्यासाठीं थोडी रक्कम बाजूला काढिली आहे, आणि कोणतीं पुस्तकें घ्यावीं हें सांगण्याचें काम आमच्या गळ्यांत घातलें आहे. रक्कम मोठी नाहीं. बेंदराला एक बैलजोडी सजवावयास जेवढें लागतें तेवढीच म्हणा ना. पण ती तुमच्या वर्गणीची आहे. कोणी बाजारांत भाजी विकून दिली, कोणी एका दिवसाची मजुरी दिली, एका कुंभारदादांनीं तर दोन माठांची किंमत दिली. ती भलत्या पुस्तकांवर गेली तर पुढच्या सालीं कोणी वर्गणी द्यावयाचा नाहीं आणि कपाटाला पुन्हां कुलूप लागेल. मागें एकदां असें झालेलें आहे. त्या वेळीं किल्ली कोणाच्या कमरेला होती हें आम्ही सांगत बसत नाहीं. एवढेंच म्हणतों, कीं तीन वर्षांनीं कपाट उघडलें तेव्हां सगळीं पुस्तकें वाळवीनें वाचून संपविलीं होतीं.

तेव्हां आज नुसती यादी वाचून दाखवावयाची नाहीं. इतिहासाचीं पुस्तकें, माणसांनीं स्वतः लिहिलेल्या आपल्या जन्माच्या हकीकती, आणि अशाच तऱ्हेचें जें जें आम्हांला उपयोगीं पडलें, त्यांपैकीं कांहींविषयीं मोकळेपणानें बोलावयाचें आहे. पण त्यापूर्वीं आमच्या हातून झालेली एक चूक सांगतों, म्हणजे हा विषय आम्हीं इतका जिवाला कां लावून घेतला आहे हें ध्यानांत येईल.

आम्ही ट्रेनिंग कॉलेजांतून नुकतेच बाहेर पडून पहिल्या शाळेवर रुजू झालों होतों. त्या गांवीं एक म्हातारी लोहारीण होती. तिचा मुलगा भाता चालवी, नातू आमच्या वर्गांत होता. एके दिवशीं शाळा सुटण्याच्या वेळीं ती फडक्यांत बांधलेलें बोचकें घेऊन आली आणि म्हणाली, “गुर्जी, एवढे कागूद बगा की. मामंजीनी लई जपून ठिवलं हुतं. आमचं कायतरी हाय म्हनायचे ह्यात.” आम्हीं बोचकें सोडलें. मोडी अक्षरांचे दहा-बारा कागद, एकावर शिक्क्याची खूण. मोडी आम्हांला येत नव्हती. तालुक्याला मोडी वाचणारे एक वृद्ध गृहस्थ होते हें मात्र ठाऊक होतें. आम्हीं तिला सांगितलें, “आजी, आतां परीक्षा तोंडावर आल्या आहेत. उन्हाळ्याच्या सुटींत घेऊन या, आपण तालुक्याला दाखवूं.” ती बरें म्हणून गेली. सुटींत आम्ही आपल्या गांवीं निघून गेलों. मृगाचा पाऊस झाला, छपर गळलें, कागदांचा लगदा झाला. श्रावणांत आम्हीं आपण होऊन विचारलें, तेव्हां ती म्हणाली, “ते घातलं चुलीत. तुमी तरी काय करनार गुर्जी, तुमास्नी बी कामं असत्यात.” तिनें दोष दिला नाहीं, हेंच आम्हांला अधिक लागलें. त्या कागदांत बलुत्याचा हक्क होता, कीं एखादा निवाडा होता, कीं नुसता बिनमहत्त्वाचा हिशेब होता, हें आतां कोणालाच कळावयाचें नाहीं.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या नांवानें बावीस खंड काढले. गांवोगांव पायपीट करून, माळ्यावरचीं दप्तरें झटकून त्यांनीं तीं पत्रें गोळा केलीं. त्यांचीं जातीविषयींचीं मतें आम्हांला मान्य नाहींत, पण कष्टाला कष्ट म्हटलेंच पाहिजे. ते वाड्यांत गेले, कारण दप्तरें वाड्यांत होतीं. लोहाराच्या भात्यामागच्या गाडग्यांत काय आहे हें पाहावयास कोण जाणार? जो गांवांत राहतो त्यानें जावयाचें. आणि गांवांत राहणारे आम्ही तर परीक्षेच्या घाईंत होतों.

तेव्हांपासून आम्हीं वाचनाची एक रीत धरिली आहे. एका बैलानें नांगर चालत नाहीं. आमच्या लोकांविषयीं कोणा अंमलदारानें किंवा विद्वानानें लिहिलेलें पुस्तक हातीं आलें, कीं ज्यांच्याविषयीं लिहिलें त्यांनीं स्वतः कांहीं लिहिलें आहे का, हें पाहावयाचें. आणि सांपडलें तर दोन्ही पुस्तकें एका जुवाला जुंपावयाचीं.

उदाहरण घेऊं. त्रिंबक नारायण आत्रे यांचें ‘गांव-गाडा’ हें पुस्तक १९१५ सालीं निघालें. आत्रे मुलकी खात्यांतले. पाटील, कुळकर्णी, सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग यांचीं कामें काय, हक्क काय, कुणब्याच्या खळ्यावर कोण कोण येऊन उभा राहतो, फिरस्ते लोक कसे येतात व कसे जातात, हें त्यांनीं इतक्या बारकाईनें टिपलें आहे, कीं वाचतांना आपल्याच आजोबांच्या ओसरीवर बसल्यासारखें वाटतें. गांवकीचे जे शब्द आमच्या मुलांच्या तोंडून गेले आहेत, ते तेथें शाबूत आहेत. हें पुस्तक वाचनालयांत पाहिजेच. पण आत्रे गाड्याकडे पाहतात ते चावडीच्या ओट्यावरून. गाड्यावर ओझें किती झालें आणि त्यांत फुकट कोण बसला आहे, हा त्यांचा प्रश्न. चाकाखालीं जो सांपडला त्याला काय दिसलें, तें ओट्यावरून दिसत नाहीं.

तें पाहावयाचें असेल तर दया पवार यांचें ‘बलुतं’ घ्या. हें १९७८ सालचें. मुंबईचा कावाखाना आणि गांवचा महारवाडा या दोन जागीं वाढलेल्या मुलाची ही हकीकत आहे. लेखकानें स्वतःलाहि सोडलें नाहीं. स्वतःची लाज, भीति, लाचारी सगळी उघडी केली आहे. बलुतें हा एकच शब्द. आत्र्यांच्या पुस्तकांत तो हिशेबाचा शब्द आहे. पवारांच्या पुस्तकांत तोच शब्द घशांत अडकतो. आम्ही जन्मानें कुणबी. ‘बलुतं’ वाचतांना लेखकाचें बोट आमच्या ओसरीकडेहि वळलें आहे असें आम्हांला वाटलें. वाटलें तर वाटूं द्यावें, पुस्तक मिटूं नये. भटशाहीविरुद्ध बोलतांना आपला आवाज चढतो. आपल्याच दारांत दुसऱ्याला उभें करून ठेवणारा आपला आजा होता, हें वाचतांनाहि कान उघडे ठेवावे.

याच आत्र्यांचें ‘गुन्हेगार जाती’ नांवाचें आणखी एक पुस्तक आहे. नांवावरूनच कळेल कीं तें कोणाच्या बाजूनें लिहिलें आहे. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं कायदा करून कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या होत्या; तो कलंक १९५२ सालीं कायद्यांतून पुसला गेला, लोकांच्या मनांतून अजून गेला नाहीं. या पुस्तकाला जोड लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ची. १९८७ सालीं तें निघालें आणि पुढल्या वर्षीं साहित्य अकादमीचें पारितोषिक त्याला मिळालें. त्यांत एक प्रसंग आहे. हा मुलगा जमातींतून पहिल्यानेंच शाळेंत जाऊं लागला आणि नेमकी वस्तींत मुलांना हगवण-ओकारी लागली. लोक म्हणूं लागले, पोरगें शाळेंत घातलें म्हणून हा कोप झाला. तरी बापानें शाळा सोडविली नाहीं. आम्ही मास्तर लोक पटावर नांव घालतों आणि मूल चार दिवस आलें नाहीं तर गैरहजेरी मांडतों; तें मूल शाळेंत येण्यासाठीं घरांत कोण कोणाशीं भांडलें, हें या पुस्तकानें आम्हांला शिकविलें. ट्रेनिंग कॉलेजांत तें शिकविलें नव्हतें.

आतां आपल्या घरच्या पुस्तकाकडे येऊं. महात्मा जोतीराव फुले यांचें ‘शेतकऱ्याचा असूड’. नांव सर्वांनीं ऐकलें आहे. वाचलें किती जणांनीं असें विचारलें तर हात वर होत नाहींत, हा आमचा अनुभव आहे. तसबिरीला हार घालणें सोपें, पांच प्रकरणें वाचणें कठीण. जोतीरावांनीं हें पुस्तक १८८३ सालीं लिहिलें. छापण्याची वाट न पाहतां त्यांनीं तें वाचून दाखविलें: पुण्यामुंबईंत वाचलें, खेड्यांत वाचलें, बडोद्यास सयाजीराव महाराजांना वाचून दाखविलें. आरंभींचा कांहीं भाग ‘दीनबंधु’ पत्रांत छापला गेला, पुढला राहिला. आणि १८९० सालीं जोतीराव वारले तोंपर्यंत सबंध पुस्तक छापून निघालेंच नव्हतें. ज्या पुस्तकाचा पहिला वाचक ऐकणारा होता, तें आपणहि मोठ्यानेंच वाचावें. मनांतल्या मनांत वाचलें तर त्यांतलीं लांबलचक वाक्यें दम काढतात. मोठ्यानें वाचा, खळ्यावर उभा राहून तावातावानें बोलणाऱ्या माणसाच्या श्वासासारखीं तीं चालूं लागतात.

‘असूड’ म्हणजे नुसते फटकारे, असा कित्येकांचा समज आहे. तो पुस्तक न वाचल्याचा समज होय. चौथ्या प्रकरणांत शेतकऱ्याचें घर, गोठा, अन्नवस्त्र यांचें वर्णन आहे, तें बायकांनीं तर जरूर ऐकावें. आणि शेवटल्या प्रकरणांत उपाय आहेत. पावसाचें पाणी शेतांत मुरेल अशा बेतानें जागोजाग ताली-बंधारे घालावे आणि त्या कामीं सरकारनें आपल्या फौजेंतले व पोलिसांतले रिकामे हात लावावे. नदीनाल्यांतला गाळ शेतकऱ्यांना पूर्वींप्रमाणें नेऊं द्यावा. जंगलखात्यानें ओढलेलीं गायरानें गांवांना परत द्यावीं. पाणाड्यांकडून झरे हुडकवून त्यांना बक्षिसें द्यावीं. परमुलखांतून चांगल्या अवलादीचीं शेळ्यामेंढरें आणावीं. आज पाणलोटाच्या व गाळ काढण्याच्या कामांचे फलक गांवोगांव लागतात. ज्यांना तीं कामें नवीं वाटतात, त्यांना हीं पानें वाचून दाखवा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें १९६९ सालीं ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ काढलें. तो एक ग्रंथ घेतला तर ‘असूड’, ‘गुलामगिरी’, शिवाजी महाराजांचा पवाडा, सगळें एका बांधणींत मिळतें. आमच्या मतें पहिली खरेदी तीच.

यापुढें थोडें कडू बोलावयाचें आहे. गांवच्या कांहीं तरुणांनीं पंचांकडे एक यादी दिली आहे. तींत आठ पुस्तकें आहेत आणि आठहि एकेका जातीच्या थोरवीचीं. अमुक कुळ सूर्यवंशी, तमुक घराणें थेट देवादिकांच्या वंशांतलें, असा सगळा मजकूर. तरुणपणीं आम्हीहि अशीं पुस्तकें वाचलीं आणि मिशा पिळल्या. पण त्यांत एक खोट असते. शेजारच्या जातीला खालीं दाबल्यावांचून त्यांतली आपली जात वर येत नाहीं. भटांनीं आपल्याला जें केलें, तेंच आपण छापखान्यांत पैसे देऊन दुसऱ्याला करावयाचें, यांत शहाणपणा कोणता? आणि पुरावा शोधावा तर शेवटल्या पानावर पुरावा नसतो, दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात असते.

इतिहासाच्या पुस्तकाला आमची एक साधी कसोटी आहे. त्यांत पाऊस पडतो का? वैरण संपते का? लढाईच्या आदल्या दिवशीं घोड्यांनीं काय खाल्लें, हें कोठें सांगितलें आहे का? शिवाजी महाराजांचें चिपळूणकडच्या छावणीवरील अंमलदारांना लिहिलेलें एक पत्र आहे, राज्याभिषेकाच्या सुमाराचें. त्यांत महाराज बजावतात, कीं पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व वैरण आतांच उधळाल तर पुढें कांहीं मिळावयाचें नाहीं, घोडीं मरतील, मग तुम्ही रयतेच्या घरांत शिराल. कोणी दाणे आणील, कोणी लांकडें, कोणी भाजी. आणि त्या रयतेला तुमच्यापेक्षां मोगल बरे वाटूं लागतील. याहून पुढें जाऊन ते उंदराची गोष्ट काढतात: रात्रीं दिवा तसाच ठेवाल तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. छत्रपति उंदराचा विचार कां करतात? कारण गंजी जळली तर तिची भरपाई शेवटीं कुणब्याच्या परड्यांतून व्हावयाची, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. आमच्या मतें हें एक पत्र शंभर वंशावळींना भारी आहे.

महाराजांच्या चरित्रांपैकीं दोन सुचवितों. एक मोठें, एक चिमुकलें. मोठें कृष्णराव अर्जुन केळूसकर यांचें. केळूसकर वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गांवचे, मुंबईस शाळामास्तर. १९०७ सालीं भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हां आपण लिहिलेलें बुद्धचरित्र त्यांच्या हातांत ठेवणारे ते हेच. एका मास्तरानें एका विद्यार्थ्याला एक पुस्तक दिलें, त्याचें पुढें काय झालें हें सर्व देश जाणतो. आम्ही मास्तर लोक ही गोष्ट जरा जास्तच वेळां सांगतों, तेवढें माफ करा. चिमुकलें पुस्तक म्हणजे गोविंद पानसरे यांचें ‘शिवाजी कोण होता?’ मुळांत तें व्याख्यान; १९८८ सालीं पुस्तक झालें. शेतसारा, वतनदारांचा बंदोबस्त, सैन्यानें रयतेशीं वागण्याची रीत, हें त्यांत साध्या मराठींत आहे. एका रात्रींत वाचून होतें. २०१५ सालच्या फेब्रुवारींत कोल्हापुरांत पानसऱ्यांवर गोळ्या झाडण्यांत आल्या व त्यांत त्यांचा अंत झाला. त्या तरुणांच्या आठांच्या जागीं हीं दोन घ्यावीं अशी आमची पंचांना विनंति आहे. तरुण मंडळी रागावतील. रागावून कां होईना, वाचावयास येवोत.

आमच्या यादींत पुढें एका भटजीचें पुस्तक आहे, त्यामुळें कोणी हंसेल. हंसा, पण घ्या. विष्णुभट गोडसे हे पेण तालुक्यांतल्या वरसईचे गरीब भिक्षुक. घरीं कर्ज, म्हणून उत्तरेकडे मोठा यज्ञ होणार व दक्षिणा मिळणार असें ऐकून १८५७ सालीं चुलत्याबरोबर निघाले, आणि नेमके बंडाच्या वणव्यांत सांपडले. झांशीच्या वेढ्यांत ते आंत होते. दक्षिणा लुटली गेली. आईबापांसाठीं गंगेची कावड मात्र घेऊन परत आले. शौर्याचा आव नाहीं, भीति वाटली तेथें भीति वाटली असें लिहिलें आहे. लुटीच्या वेळीं सामान्य माणूस कोठें लपतो, काय खातो, हें इतकें स्पष्ट दुसरीकडे आम्हीं वाचलें नाहीं. या पुस्तकाची आणखी एक गंमत. चिंतामणराव वैद्यांनीं तें १९०७ सालीं छापलें तें पुष्कळ फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदारांनीं काढिली ती १९६६ सालीं. तेव्हां ‘माझा प्रवास’ विकत घेतांना कोणाची प्रत आहे हें पाहून घ्यावें. जातभाईनें छापतांनाहि जर भटजींच्या तोंडचे शब्द बदलले जातात, तर आपल्या लोकांच्या तोंडचे किती बदलले गेले असतील, याचा अंदाज करा.

आतां आमच्या सर्वांत आवडत्या पुस्तकाविषयीं. आनंद यादव यांचें ‘झोंबी’. १९८७ सालीं निघालें, १९९० चें साहित्य अकादमीचें पारितोषिक त्याला मिळालें. कागलच्या एका कुळवाड्याच्या पोराची ही गोष्ट. बाप पोराला शाळेंतून काढून मोटेवर, गुरांमागें घालतो. आई पोराला घेऊन गांवच्या बड्या माणसाकडे जाते आणि त्याच्या तोंडून बापाला दटावून घेते. बाप कबूल होतो, पण अटी घालतो: सकाळीं रानांतलें काम उरकून शाळेंत जावयाचें, सुटली कीं पुन्हां रानांत. पोरगा कबूल करतो. मराठीचे एक मास्तर कविता म्हणून दाखवितात, तें ऐकून हा म्हशी राखतां राखतां कविता करूं लागतो. कागद जवळ नसला तर काडीनें म्हशीच्या पाठीवर ओळी लिहितो.

हें पुस्तक आम्हीं पहिल्यानें वाचलें तेव्हां पहांट झाली. आमचा बापहि तसाच होता. फरक इतकाच, कीं त्यानें आम्हांला शाळेंतून काढलें नाहीं, आमच्या धाकट्या भावाला काढलें. दोघांपैकीं एकाला रान पाहावयाचें होतें, आणि आम्ही थोरले असून अंगानें किरकोळ होतों. भाऊ आज येथें समोर बसला आहे. त्यानें ‘झोंबी’ ऐकलें, आम्हीं वाचून दाखविलें, आठ-नऊ रात्री लागल्या. तो मधेंच म्हणाला, “दादा, ह्येचा बाप वाईट न्हवं. त्येला पन कुनीतरी मोटंवर घातलाय.” आम्ही तें पुस्तक तीनदां वाचलें होतें आणि हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. सबंध पुस्तक आपल्या बोलींत आहे. बोलींत लिहिलेलें अशुद्ध, असें शाळेंत शिकविणाऱ्यांनीं तें आधीं वाचावें. त्याचे पुढले भागहि आहेत, पण पहिल्याची सर त्यांना नाहीं असें आमचें मत आहे.

मायबहिणींसाठीं काय, असें एका बाईंनीं परवां विचारलें. वर सांगितलेलें सगळें त्यांच्यासाठींहि आहेच. पण त्यांच्या हातचें म्हणाल तर ताराबाई शिंदे यांचें ‘स्त्रीपुरुष तुलना’ पहिलें. बुलढाण्याच्या या बाईनें १८८२ सालीं तें छापलें. सुरतेकडे एका विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रें सगळ्या बायकांच्या नांवानें बोटें मोडूं लागलीं. त्या संतापांतून हें पुस्तक निघालें. आपल्या लोकांनीं तें विसरूनहि टाकलें होतें; १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं पुन्हां छापलें तेव्हां तें लोकांपुढें आलें. त्याहून जुना, चार पानांचा एक निबंध आहे: जोतीराव व सावित्रीबाईंच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांगाच्या मुलीनें महारमांगांच्या दुःखाविषयीं लिहिलेला, १८५५ सालीं ‘ज्ञानोदयां’त छापलेला. शाळेंत मुलींकडून तो मोठ्यानें वाचून घेत जा, आम्ही घेतों.

बेबी कांबळे यांचें ‘जिणं आमुचं’ १९८६ सालचें. त्या फलटणच्या, लहानसें दुकान चालवीत. दुकानावर बसून, नवरा नसेल तेव्हां, लिहीत आणि वह्या लपवून ठेवीत; कैक वर्षें घरांत कोणाला पत्ता नव्हता. त्या पुस्तकांत सासुरवाशिणीचे जे हाल आहेत ते वाचून, घरांत अन्याय करणारा दरवेळीं परजातीचाच असतो असें म्हणण्याची सोय राहत नाहीं. लक्ष्मीबाई टिळक यांचीं ‘स्मृतिचित्रें’ हें निराळ्या घरचें पुस्तक, पण लग्नानंतर अक्षरें शिकलेल्या बाईनें लिहिलेलें, आणि पोट धरून हंसविणारें. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’चें नांवच बांबूच्या कामावरून आहे; आई टोपल्या-सुपें विणी, लेकीनें पुस्तक विणलें. बुरूडकाम करणाऱ्या घरांत तें आवडेल.

परमुलखांतलें एकच सांगतों. जोतीरावांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेंतल्या ज्या लोकांनीं गुलामांना मुक्त केलें त्यांना. त्या गुलामांपैकीं फ्रेडरिक डग्लस यानें १८४५ सालीं आपली हकीकत छापली. लहानपणीं बाल्टिमोर शहरांत मालकिणीनें त्याला चार अक्षरें शिकविलीं, मालकानें तें बंद केलें. मग हा खिशांत भाकरीचा तुकडा ठेवी आणि रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना तो देऊन त्यांच्याकडून धडा शिकून घेई. पुस्तक लहान आहे. कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींनीं तें इंग्रजींतून वाचून रात्रीं घरांत मराठींत सांगावें. इंग्रजी शिकल्याचा घरच्यांना तेवढा तरी उपयोग होऊं द्या.

आतां व्यवस्थेचें. पुस्तकें घेतलीं तर तीं कपाटांत राहतां कामा नयेत. दर शनिवारीं रात्रीं जेवणें झाल्यावर एक तासभर वाचन करावें असें ठरत आहे. देवळांत करूं नये. तेथें सगळ्यांना मोकळेपणानें बसतां येत नाहीं, आणि ज्यांना येत नाहीं त्यांच्यासाठींच ‘बलुतं’ आणि ‘उचल्या’ घ्यावयाचीं आहेत. सुतारमामांनीं आपली पडवी देऊं केली आहे. बायकांनीं एका कडेला नव्हे, पुढें बसावें, कारण वाचणाऱ्याचा आवाज मागें पोंचत नाहीं. किल्ली एकाच्या हातीं न ठेवतां दरमहा घरोघर फिरती ठेवावी, म्हणजे दोष द्यावयाला एकच माणूस सांपडणार नाहीं, आणि पुस्तकें मोजणारीं माणसें मात्र पुष्कळ होतील. पुस्तकाला हळदीचे, तेलाचे डाग पडले तरी हरकत नाहीं. डाग म्हणजे तें चुलीपर्यंत गेलें याची पावती आहे. फाटलें तर सांगावें, शिवून घेऊं. आमच्या गांवांत चांभार आहे, शिंपी आहे, पुस्तक शिवावयाला शहरांत कशाला जावें?

आणखी एक. त्या लोहारणीच्या कागदांनंतर आम्हीं मोडी शिकून घेतली. दोन उन्हाळे गेले, अजून अडखळतों, पण हक्काचे कागद, कर्जखतें, निवाडे लागतात. ज्यांच्या घरीं माळ्यावर, उतरंडींत, देव्हाऱ्यामागें असे कागद असतील त्यांनीं ते आणावे. ठेवून घेणार नाहीं. तुमच्यासमोर वाचूं, बाळबोधींत उतरून देऊं, आणि मूळ कागद तुमच्याच हातांत परत देऊं. परीक्षा चालू असल्या तरी आणा.

आणि ‘झोंबी’ची आमची स्वतःची प्रत मागच्या दिवाळींत कोणीतरी नेली आहे. कोणी नेली तें आम्हांला आठवत नाहीं. ज्यांच्याकडे असेल त्यांनीं वाचून झाली असल्यास येत्या सोमवारपर्यंत शाळेंत आणून द्यावी. परटांची मुलगी तिच्यासाठीं दोनदां येऊन रिकाम्या हातानें परत गेली आहे.